ऑस्ट्रेलियाचा रेसिडेंट रिटर्न व्हिसा: तिकीट काढण्याआधी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे

ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा, व्हिसा मिळाला की तो जन्मभराचा, असे समजून लोक निश्चिंत होतात. देशात राहण्यापुरते ते खरे आहे. देशाबाहेर जाऊन परत येण्यापुरते खरे नाही. परत येण्याची परवानगी व्हिसा मंजूर झाल्याच्या तारखेपासून साधारणपणे ५ वर्षांची असते. ती संपल्यावर बाहेर जाऊन परतायचे असेल, तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा, म्हणजेच आरआरव्ही, स्वतः अर्ज करून घ्यावा लागतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे भारतीय पासपोर्ट जपून वर्षानुवर्षे पीआरवरच राहणारी मराठी कुटुंबे मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर हा अर्ज करण्याची वेळ पुन्हा पुन्हा येते. तरीही चुका त्याच त्या होतात. बहुतेक चुका अर्ज भरताना होत नाहीत. त्या आधीच, तारखा पाहण्यात आणि दिवस मोजण्यात होऊन गेलेल्या असतात.

## १. आधी तुमची अखेरची तारीख डोळ्यांनी पाहा

पासपोर्टवर स्टिकर नसते, त्यामुळे पासपोर्ट उलटून काहीही कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या व्हेवो या मोफत ऑनलाइन सेवेत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि व्हिसा ग्रँट क्रमांक भरून तुमच्या व्हिसाची नोंद उघडा. त्या नोंदीत ‘मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर’ अशी ओळ असते आणि तिच्यासमोर एक तारीख असते. तीच तुमची तारीख. तिच्याच आसपास मुक्कामाची मुदत अमर्याद असल्याचा उल्लेख असतो आणि नेमका तोच वाचून लोक पान बंद करतात.

या तारखेचा अर्थ नीट समजून घ्या. ती उलटली तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल, तर काहीही बिघडत नाही. तुमचे कायम वास्तव्य, नोकरी, मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा, सर्व पूर्ववत चालू राहते. पण ती उलटताना तुम्ही बाहेर असाल, किंवा उलटल्यानंतर नवा व्हिसा न घेता बाहेर पडलात, तर तुमचा पीआर तिथेच संपतो.

इशारा: ही तारीख पोचण्याची आहे, निघण्याची नव्हे. मुंबईहून रात्री सुटलेले विमान मेलबर्नला दुसऱ्या दिवशी उतरते. वाटेत सिंगापूर किंवा क्वालालंपूरला थांबा असेल तर आणखी उशीर होतो. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार ते साडेपाच तास पुढे असते. अखेरच्या तारखेला मुंबईतून निघणारा माणूस बहुधा उशिराच निघालेला असतो.

## २. मुक्कामाचे दिवस मोजा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. पाच वर्षांचा आरआरव्ही मिळण्याची अट अशी आहे: अर्जाच्या तारखेच्या लगत मागच्या ५ वर्षांत तुम्ही एकूण २ वर्षे, म्हणजे ७३० दिवस, कायम रहिवासी किंवा नागरिक या नात्याने ऑस्ट्रेलियात असला पाहिजेत. हे दिवस सलग असण्याची गरज नाही.

मोजताना तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, विद्यार्थी व्हिसा, कंपनीच्या पुरस्कारावर मिळालेला वर्क व्हिसा किंवा ब्रिजिंग व्हिसा (अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता व्हिसा) यांवर काढलेली वर्षे लोक धरतात. ती धरली जात नाहीत. ‘मी तर दहा वर्षे इथेच आहे’ असे म्हणणाऱ्याचे पीआरचे दिवस पुष्कळदा दीड वर्षाहूनही कमी भरतात.

दुसरा, भारतवाऱ्या आठवणीने लिहिल्या जातात. दिवाळीची तीन आठवड्यांची वारी लक्षात राहते, लग्नासाठी घाईने केलेली नऊ दिवसांची वारी राहत नाही. जुने आणि नवे दोन्ही पासपोर्ट, विमान कंपन्यांचे ईमेल आणि बोर्डिंग पास समोर ठेवून प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख वहीत मांडा. एखाद्या वारीचा पत्ताच लागत नसेल, तर गृहखात्याकडे स्वतःच्या आंतरराष्ट्रीय प्रवासनोंदी मागता येतात. तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी तरी त्याच नोंदी पाहणार आहे.

तिसरा घोटाळा सर्वांत महाग पडतो आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते. ५ वर्षांची ही चौकट स्थिर नाही, ती रोज एक दिवस पुढे सरकते. एक उदाहरण शेवटपर्यंत मांडून पाहू.

समजा, एका बाईंना १२ जून २०२१ रोजी मेलबर्नमध्ये असतानाच पीआर मिळाला. ५ डिसेंबर २०२२ पासून ४२ दिवस त्या भारतात होत्या. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी नोकरीनिमित्त त्या पुण्याला गेल्या आणि १० जानेवारी २०२६ रोजी मेलबर्नला परतल्या. पहिल्या मुक्कामाचे ६१३ दिवस, त्यातून ४२ वजा, म्हणजे ५७१. परतल्यापासून १२ जून २०२६ पर्यंतचे दिवस १५३. बेरीज ७२४. सहा दिवस कमी.

यावर कोणीही म्हणेल की आणखी सहा दिवस थांबा आणि मग अर्ज करा. पण १२ जून २०२६ नंतर चौकटीच्या पुढच्या टोकाला एक दिवस जमा होतो त्याच वेळी मागच्या टोकाचा, २०२१ मधला, एक दिवस गळून पडतो. म्हणून बेरीज ७२४ वरच अडकून राहते. ती पुन्हा वाढू लागेल ती डिसेंबर २०२७ मध्ये, जेव्हा चौकटीच्या मागच्या टोकातून भारतातल्या त्या ४२ दिवसांचा काळ बाहेर पडू लागेल. पुण्याहून एक आठवडा आधी परतल्या असत्या आणि योग्य दिवशी अर्ज केला असता, तर जे साधले असते, त्यासाठी आता जवळजवळ दीड वर्ष थांबावे लागते. दरम्यान त्यांचे वास्तव्य सुरक्षित असते. पण आईवडिलांना भेटायला जाऊन निर्धास्त परतण्याची सोय राहत नाही.

तपासणी: तुमच्या वहीतल्या तारखांवरून आजच्या तारखेची बेरीज करा, नंतर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी होणारी बेरीजही करा. बेरीज वाढते आहे, थांबली आहे की घटते आहे हे कळल्याशिवाय अर्जाचा दिवस ठरवू नका. निघण्यापोचण्याच्या दिवसांवरून वाद नको म्हणून आठदहा दिवस शिलकीत असू द्या.

## ३. कोणती वाट तुमची आहे ते ठरवा

७३० दिवस भरत असतील, तर सबक्लास १५५ (सबक्लास म्हणजे व्हिसाचा उपप्रकार) खाली ५ वर्षांची प्रवासाची मुभा मिळते. विशेष पुरावे लागत नाहीत. या टप्प्यातला इशारा आणि चौथा टप्पा वाचून थेट पाचव्याकडे जा.

दिवस भरत नसतील, तर त्याच सबक्लास १५५ खाली जास्तीत जास्त १ वर्षाची मुभा मागता येते. त्यासाठी ऑस्ट्रेलियाशी तुमचे भरीव संबंध आहेत आणि ते त्या देशाच्या हिताचे आहेत, हे दाखवावे लागते. हे संबंध व्यवसायाचे, नोकरीचे, सांस्कृतिक किंवा वैयक्तिक अशा चार प्रकारचे असू शकतात. सलग ५ वर्षे किंवा अधिक काळ तुम्ही बाहेर असाल, तर त्या गैरहजेरीमागे सबळ कारण होते हेही पटवून द्यावे लागते.

भरीव संबंधांच्या पुराव्याने भागत नसेल, पण मागच्या ५ वर्षांत निदान १ दिवस तरी तुम्ही पीआर म्हणून ऑस्ट्रेलियात होता, तर सबक्लास १५७ हा मार्ग उरतो. त्यात मुभा फक्त ३ महिन्यांची असते आणि देश सोडण्यामागे सबळ आणि सहानुभूतीने विचार करण्याजोगे कारण असावे लागते. वडील अतिदक्षता विभागात आहेत, घरात मृत्यू झाला आहे, अशा प्रसंगांसाठी ही वाट आहे. ३ महिन्यांहून अधिक काळ बाहेर असाल, तर त्या गैरहजेरीचेही तसेच कारण द्यावे लागते.

पती, पत्नी किंवा पालक यांच्याकडे १५५ आहे, किंवा त्यांनी अर्ज केला असून ते स्वतः पात्र ठरतात, अशा कुटुंबीयालाही १ वर्षाची मुभा मिळू शकते. एकाने मेलबर्नला राहायचे आणि दुसऱ्याने मुलांच्या शाळेसाठी नाशिकला, अशी घडी असलेल्या घरांना ही तरतूद उपयोगी पडते.

इशारा: नवा व्हिसा मिळताच जुना संपतो आणि नवी मुदत मंजुरीच्या तारखेपासून धरली जाते; जुन्या मुदतीतले उरलेले महिने तिच्यात मिळवले जात नाहीत. जुन्या व्हिसावर १४ महिने शिल्लक असताना घाईने १ वर्षाचा आरआरव्ही घेणे म्हणजे पैसे भरून मुदत कमी करून घेणे होय.

### फक्त पहिली हजेरी लावून परतलेल्यांसाठी

भारतात असतानाच पीआर मिळाला, दिलेल्या मुदतीत आठवडाभर सिडनीला जाऊन पहिला प्रवेश नोंदवला आणि नोकरी किंवा मुलांच्या परीक्षा यांमुळे परत आलो, अशी कुटुंबे महाराष्ट्रात खूप आहेत. पाचवे वर्ष उजाडले की ती आरआरव्हीची चौकशी करू लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की या कुटुंबांनी अर्जाच्या मागे न लागता विमानाच्या मागे लागावे. आठ दिवसांच्या मुक्कामावर भरीव संबंध सिद्ध करणे अत्यंत कठीण असते. उलट अखेरच्या तारखेआधी ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवले, तर कोणताही अर्ज न करता कायम वास्तव्य टिकते. मग मात्र पहिली दोन वर्षे देश न सोडण्याची मनाची आणि पैशांची तयारी हवी. दोन वर्षे पुरी झाली की ५ वर्षांचा आरआरव्ही मिळण्याची अट आपोआप पूर्ण होते.

तारीख उलटून गेलीच असेल, तर शेवटचा पीआर व्हिसा रद्द केला गेलेला नसल्यास माजी कायम रहिवाशालाही आरआरव्ही मागता येतो. पण तो मंजूर होईपर्यंत विमानात बसता येत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे काढलेले दिवस ७३० मध्ये धरले जात नाहीत. आणि पीआर अजून चालू असताना पर्यटक व्हिसा काढण्याचा विचारही करू नका, कारण तो मंजूर झाला तर पीआरची जागा घेतो.

## ४. घरातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करा

मूळ पीआर अर्जात सगळे कुटुंब एकत्र होते, म्हणून आरआरव्हीही एकत्र मिळेल असे वाटते. तसे नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे आणि दिवसांची बेरीजही वेगळी. पत्नी बाळंतपणासाठी किंवा सासऱ्यांच्या आजारपणात वर्षभर भारतात राहिली असेल, तर पतीला ५ वर्षे आणि पत्नीला १ वर्ष असा निकाल येऊ शकतो.

मुलांबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. आई किंवा वडील पीआर असताना ऑस्ट्रेलियात जन्मलेले मूल जन्मतःच ऑस्ट्रेलियन नागरिक असते. त्याला आरआरव्ही नको, ऑस्ट्रेलियन पासपोर्ट हवा. याउलट, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या पीआर मुलीचे बाळ सांगलीत किंवा ठाण्यात जन्मले आणि त्याच्या जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी कोणीही ऑस्ट्रेलियन नागरिक नसेल, तर ते बाळ ना नागरिक असते, ना पीआर. त्याच्यासाठी चाइल्ड व्हिसा, सबक्लास १०१, काढावा लागतो. तो आरआरव्हीसारखा चारदोन दिवसांत हाती येत नाही. बाळाचा व्हिसा येईपर्यंत आई भारतात थांबते, आणि त्या काळात तिचीच परतण्याची तारीख उलटू शकते. म्हणून माहेरी जाण्याचे ठरवण्याआधी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या शेजारी आईची व्हेवोवरची तारीख लिहा आणि दोन्ही तारखा एकत्र पाहूनच निर्णय घ्या.

नागरिकत्वाचा अर्ज केलेल्यांनीही थांबून विचार करावा. अर्ज मंजूर झाला तरी समारंभात प्रतिज्ञा घेईपर्यंत तुम्ही पीआरच असता. त्या मधल्या महिन्यांत प्रवासाची मुदत संपली असेल आणि तुम्ही आरआरव्ही न घेता भारतात गेलात, तर पीआर जातो आणि त्याच्या आधारावर उभे असलेले नागरिकत्वही हातचे जाते. प्रतिज्ञा झाल्यानंतर मात्र आरआरव्हीचा प्रश्नच उरत नाही: नागरिकाने ऑस्ट्रेलियन पासपोर्टवरच परत यायचे असते, आणि भारतीय पासपोर्ट रीतसर परत करून भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा व्हिसा घ्यावा लागतो.

## ५. कागद जमवा

दिवस भरणाऱ्याला चालू पासपोर्ट, जुन्या पासपोर्टांचे तपशील, नावात बदल झाला असल्यास त्याचा पुरावा आणि वहीतला तारखांचा तक्ता एवढे पुरते. पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर आधी नवा पासपोर्ट काढा आणि मग अर्ज करा. हा क्रम उलटा झाला की काम दुप्पट होते.

संबंध दाखवून १ वर्षाची मुभा मागणाऱ्याने कागदांच्या थप्पीवर भिस्त ठेवू नये. आधी एका पानावर सलग निवेदन लिहावे: मी कधी आलो, का गेलो, बाहेर असताना ऑस्ट्रेलियाशी माझे काय चालू होते, परतून काय करणार. मग त्यातल्या प्रत्येक विधानाला एक कागद जोडावा. नोकरीसाठी नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या, व्यवसायासाठी एबीएन, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्यवसाय क्रमांकाची, नोंदणी आणि कराचे निर्धारणपत्र, कुटुंबासाठी तिथे राहणाऱ्या जोडीदाराचे किंवा मुलांचे दाखले, सांस्कृतिक कामासाठी संस्थेचे पत्र आणि तुम्ही नेमके काय केले त्याचा पुरावा. महाराष्ट्र मंडळाची निव्वळ वर्गणीची पावती म्हणजे भरीव संबंध नव्हे; पण मंडळाची मराठी शाळा चार वर्षे चालवली असेल, तर ते निवेदनात जरूर लिहावे. भाड्याने दिलेले घर आणि बँकेतली शिल्लक यांचा आधार होतो, पण केवळ त्यांच्यावर प्रकरण तोलून धरता येईल असे मला वाटत नाही.

गैरहजेरीच्या कारणाला तारखांचा कागद हवा. ‘आईची तब्येत बरी नव्हती’ या वाक्यापेक्षा रुग्णालयात दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची तारीख असलेले डिस्चार्ज कार्ड अधिक बोलते. भारतात पगार बरा मिळाला, हे कारण मनुष्यस्वभावाला पटते, पण कायद्याच्या अर्थाने सबळ ठरणे अवघड असते. तेव्हा खरे कारण तेवढेच असेल, तर त्यावर आजारपणाचा मुलामा चढवू नका. खोटी माहिती पकडली गेल्यास हा अर्ज तर जातोच, पुढचे अर्जही धोक्यात येतात.

मराठीतले कागद, मग ते सातबारा असोत की ग्रामपंचायतीचा दाखला, इंग्रजी अनुवादासह द्यावे लागतात. अनुवाद ऑस्ट्रेलियात करून घेतला, तर अनुवादक नाटी या संस्थेचा मान्यताप्राप्त हवा. भारतात केला, तर अनुवादकाचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि भाषेतील पात्रता व अनुभव प्रत्येक अनुवादावर लिहिलेले हवे.

## ६. अर्ज भरा

इमीअकाउंट या गृहखात्याच्या संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज ऑनलाइन भरता येतो. तुम्ही ऑस्ट्रेलियात असा की बाहेर, अर्ज चालतो. शुल्काचा आकडा तिथेच, भरण्याच्या दिवशी पाहा. तो वेळोवेळी बदलतो, म्हणून एखाद्या मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेल्या रकमेवर विसंबू नका. अर्ज नामंजूर झाला म्हणून शुल्क परत मिळत नाही.

नाव आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर पाहून भरा. भारतीय पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल, तर मूळ पीआर व्हिसावर जसे नाव होते तसेच ठेवा. गुन्हेगारी शिक्षेविषयीच्या प्रश्नाला किरकोळ वाटणारी शिक्षाही लपवू नका. सल्लागाराची मदत घेणार असाल, तर तो ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत आहे का, त्याचा एमएआरएन, म्हणजे सल्लागाराचा नोंदणी क्रमांक, काय, हे सरकारी यादीत स्वतः पडताळा. दिवस भरणाऱ्या सरळ प्रकरणात सल्लागाराची गरज सहसा नसते.

तपासणी: ‘सबमिट’ दाबण्याआधी अर्जाची पीडीएफ प्रत काढून घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत.

## ७. निकालाची वाट पाहा, तिकिटाची घाई करू नका

दिवस भरणाऱ्यांचा व्हिसा कधी काही मिनिटांत, कधी काही दिवसांत येतो, त्यामुळे ‘आदल्या दिवशी अर्ज केला तरी चालते’ असा समज पसरला आहे. प्रत्येक अर्ज तसा सुटेल याची हमी नसते. संबंधांवर आधारलेल्या अर्जाला तर काही महिनेही लागतात. ऑस्ट्रेलियात असाल आणि जुनी मुदत संपली असेल, तर मंजुरी हाती येईपर्यंत देश सोडू नका. अर्ज केला आहे ही पावती म्हणजे परतीची परवानगी नव्हे.

नामंजुरीचे पत्र आलेच, तर ते रागाने बाजूला न टाकता शेवटच्या पानापर्यंत वाचा. फेरविचाराचा हक्क आहे की नाही, तो किती दिवसांत बजावायचा, हे त्यात दिलेले असते. असे फेरविचार ऑक्टोबर २०२४ पासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जातात आणि तिथल्या मुदती चुकवून चालत नाहीत.

## ८. मंजुरी आल्यावर

मंजुरीपत्रातली मुदत वाचा आणि व्हेवोवर तीच तारीख दिसते का ते पाहा. ५ वर्षे मागितली आणि १ वर्ष मिळाले, हे विमानतळावर कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

नंतर कधीही पासपोर्ट बदलला, तर नवा क्रमांक इमीअकाउंटमधून गृहखात्याला कळवा. व्हिसा पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. पुण्याला जाऊन नवा पासपोर्ट काढून परतताना मी स्वतः हे विसरलो होतो. मुंबई विमानतळावर पहाटे दोन वाजता काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट तीनदा स्कॅन केला आणि तिन्ही वेळा तिच्या पडद्यावर माझा व्हिसा आला नाही. बॅगा पट्ट्यावरून खाली उतरवल्या गेल्या. शेवटी जुना पासपोर्ट आणि मंजुरीपत्राची छापील प्रत यांवरून शोध लागला, तोवर दार बंद व्हायला वीस मिनिटे उरली होती. तेव्हापासून या दोन्ही वस्तू मी हातातल्या पिशवीत ठेवतो, सामानात नाही.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या नावाने दोन आठवणी लावा: एक अखेरच्या तारखेच्या ६ महिने आधीची, पुढच्या अर्जाचा विचार करण्यासाठी, आणि दुसरी दर १ जानेवारीची, वहीतल्या दिवसांची बेरीज नव्याने करण्यासाठी.